अम्माच्या गच्चीवरचा शेक

आमच्या धंद्यातल्या माणसाला कोणी हसऱ्या चेहऱ्यानं दार उघडत नाही. डॉक्टरला निदान "या, बसा" म्हणतात. मला दारातच विचारतात, "आत्ता आलात?" समोर बनियनवर उभे घरमालक, हातात पंख्यासारखं हलणारं वर्तमानपत्र, मागे भिंतीवर मुकाट पडलेला स्प्लिट एसी, आणि नोकरी सोडून घरी बसलेल्या जावयाकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहणारं सगळं कुटुंब. हा क्षण मला मनापासून आवडतो. कारण तासाभरानं याच घरात माझ्यासाठी खोव्याची जलेबी मागवली जाणार असते. एवढं झटपट हृदयपरिवर्तन रंगमंचावर दाखवलं तर प्रेक्षक खुर्च्या सोडून जातील. आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळात मी बरीच वर्षं गणपतीतल्या नाटकांत कामं केली आहेत, म्हणून अधिकारानं सांगतो.

माणसं तरी काय एकेक! राइट टाउनात एक निवृत्त साहेब आहेत. ते सोळावर एसी लावून दोन रजया घेऊन झोपतात आणि सकाळी मला फोन करतात, "मिलिंद, रात्रभर कुडकुडलो, मशीनमध्ये काहीतरी दोष आहे." एका वहिनींनी एसीच्या खोलीतल्या डब्याला लोकरीचं सुंदर झालरवालं कव्हर विणून घातलं होतं आणि ते न काढताच एसी चालवत होत्या. मी कव्हर काढलं तर म्हणाल्या, "अहो भैया, मग ते उघडं उघडं नाही का दिसत?"

ज्यांना या यंत्राचं पोट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या दुकानांमध्ये छताच्या आत पत्र्याचे बोगदे असतात, त्यांतून गार हवा फिरते. घरच्या स्प्लिटला तसलं काही लागत नाही. दोन डबे असतात, एक खोलीत, एक बाहेर. मधल्या भिंतीला मनगट जाईल एवढं भोक, त्यातून तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाणी जायची नळी. झालं. आतल्या डब्यावरून कधी भांडण होत नाही. भांडणं होतात ती बाहेरच्या डब्यावरून. तो दिवसभर तापलेला वारा फेकतो, आणि तो कोणाच्या तरी अंगावर फेकावाच लागतो. राइट टाउनात बाहेर अंगण असतं. दीक्षितपुऱ्याच्या बोळांत बाहेर शेजारी असतो.

आणि मला सांगायची आहे ती गोष्ट दीक्षितपुऱ्याचीच आहे.

फाल्गुन नुकताच लागला होता. कमानिया गेटजवळच्या माझ्या दुकानात सुलभाकाकू आल्या. त्या शाळेत आम्हाला इतिहास शिकवायच्या, त्यामुळे आजही त्या आल्या की मी नकळत उभा राहतो.

"मिलिंद, मला एसी पाहिजे. चैत्र लागायच्या आत."

"काकू, मागच्या वर्षी तर तुम्ही म्हणत होत्या, एसीनं हाडं दुखतात."

"माझी दुखू दे. ऋचा येऊन राहिली बाळंतपणाला. म्हणजे, येणार होती. आता तिची सासू म्हणते, तुमच्या जबलपुरात चैत्रापासून भट्टी पेटते, पोर पुण्यातच बरी. मी म्हटलं, आमच्याकडे एसी आहे."

"आहे?"

"म्हणून तर तुझ्याकडे आले ना! काहून बघून राहिला असा?"

ऋचा काकूंची एकुलती एक. लग्न होऊन पुण्याला गेली, नोकरी तिथेच, सणावाराला दोन दिवस येणार आणि तेही लॅपटॉप घेऊन. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं या एका गोष्टीकडे काकू डोळे लावून बसल्या होत्या. जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवून झाली होती, डिंक आणि अळीव घरात येऊन पडले होते. एका यंत्रापायी ते सगळं पुण्याला पार्सल करायची वेळ आली होती. मला गुरुदक्षिणा देण्याची अशी संधी पुन्हा कुठे मिळणार? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "काकू, आजपासून तुमच्याकडे एसी आहे."

घर पाहायला गेलो आणि छातीवरचा हात कपाळावर गेला. बाळंतिणीची खोली वरच्या मजल्यावर. गल्लीच्या बाजूला डबा टांगावा, तर समोरच्यांच्या खिडकीतून त्यांच्या देवघरातली समई विझेल इतकी ती गल्ली अरुंद. छप्पर कौलारू, म्हणून तेही बाद. उरली मागची भिंत. भिंत काकूंची, पण तिच्या पलीकडे दुबे अम्मांची गच्ची. डबा लागला असता तो अम्मांच्या डोक्यावर.

दुबे अम्मांची ओळख करून द्यायला हवी. वय सत्तरीच्या पुढचं, अंगकाठी बारीक, आवाज मात्र कमानिया गेटच्या पलीकडे जाईल असा. दीक्षितपुऱ्यातल्या अर्ध्या पोरांना त्यांनी मालिश करून मोठं केलेलं. अलीकडे कोणी बोलवत नसे. नव्या सुना इस्पितळातून येतानाच बाटल्या आणि पुस्तिका घेऊन येतात. अम्मांची स्वतःची नातवंडं परदेशात, फोनच्या काचेत.

मी गच्चीवर गेलो, वाकून नमस्कार केला आणि डब्याची गोष्ट काढली.

"मेरी छत पे? गरम हवा?" अम्मा म्हणाल्या. "काए रे ठंडे वाले, हम बड़ियाँ सुखाते हैं इधर, अपने को नहीं!"

"अम्मा, बड़ियाँ और जल्दी सूखेंगी."

"और हम?"

मी नाटकवाला. गुडघ्यावर बसलो. म्हणालो, "अम्मा, बच्चा आ रहा है. डब्बा नहीं लगेगा तो बच्चा पुणे में होगा."

 अम्मांनी हातातली मुगाची बडी, म्हणजे आपला सांडगा, चादरीवर अगदी जपून ठेवली. मग म्हणाल्या, "मालिश कौन करेगा?"

काकू मागे जिन्यातच उभ्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "अम्मा, तुमच्याशिवाय कोण?"

"और सेंक?"

"तोही तुम्हीच."

"हओ," अम्मा म्हणाल्या. "तो टाँग दे."

असा हा करार झाला. डबा अम्मांच्या गच्चीवर, बाळ अम्मांच्या हातात. मी भिंतीला भोक पाडलं, नळ्या जोडल्या, त्यातली हवा पंपानं ओढून काढली, गॅस सोडला आणि पाण्याच्या नळीला बरोबर उतार दिला. त्या उताराबद्दल मी फार हळवा आहे. तो चुकला की पाणी भिंतीवरून ओघळतं आणि लोक म्हणतात, एसी रडतो. काकूंनी यंत्राला हळदकुंकू लावलं आणि लगेच पुण्याला व्हिडिओ कॉल केला. मी कोपऱ्यात उभा राहून रिमोटनं पाती वरखाली करत होतो आणि काकू विहीणबाईंना सांगत होत्या, "हो, आधीपासूनच आहे हा. फार चांगला चालतो."

ऋचा आली. पाडवा झाला आणि लगेच तिला मुलगी झाली. इस्पितळातून मायलेकी घरी आल्याचे पेढे माझ्या दुकानात पोचले आणि मी समजलो, आपलं काम संपलं.

मग एक दिवस सकाळी काकूंचा फोन आला. "मिलिंद, तुझं मशीन गार करूनच नाही राहिलं. आणि कसला तरी वास मारते."

मी गेलो. दार उघडलं आणि जागच्या जागी उभा राहिलो. खिडक्या बंद, दार बंद, फटींना कापड. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. भिंतीवर एसी जीव तोडून गार हवा फेकतो आहे. आणि पलंगाखाली मातीची शेगडी! लालभडक कोळसे, वर ओवा आणि वावडिंगाची धुरी. एक यंत्र खोलीतली उष्णता काढून नेतंय आणि अम्मा दुसऱ्या बाजूनं ती परत भरताहेत. माझ्या सबंध धंद्यात असा सामना मी पाहिला नव्हता. यंत्राची जाळी उघडली तर तिच्यावर धुराचा पिवळा थर. ओव्याचा असा घमघमाट की पोटदुखीवर चाटण म्हणून देता आलं असतं.

मला हसू फुटणार तेवढ्यात ऋचा म्हणाली, "मिलिंददादा, सकाळपासून माझं डोकं जड होऊन राहिलंय. नुसती झोप येते."

हसू तिथंच थिजलं. आमची बरीचशी गिऱ्हाइकं समजतात, एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो. घरचा स्प्लिट तसं काही करत नाही. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. आणि बंद खोलीतले जळते कोळसे जो वायू सोडतात त्याला वास नाही, रंग नाही. तो माणसाला गुंगी आणतो आणि गुंगीतला माणूस उठेलच असं नाही. मी एकाही संवादाची वाट पाहिली नाही. खिडक्या सताड उघडल्या, "काकू, दोघींना बाहेर घ्या!" म्हणून ओरडलो, शेगडी फडक्यानं धरली आणि थेट खाली गल्लीत नेऊन ठेवली. काकूंचे यजमान, आमचे काका, धावत जाऊन गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी मायलेकींना तपासलं, आई-मूल ठीक असल्याचं सांगितलं आणि काकूंना असं काही फैलावर घेतलं की आमच्या इतिहासाच्या बाईंना कोणी रागावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण खरं संकट यानंतर आलं. तेलाची वाटी घेऊन अम्मा जिना चढून आल्या.

"मेरी सिगड़ी किसने उठाई?"

मी हात वर केला. कोळशाचं सगळं समजावून सांगितलं. डॉक्टरांचा दाखला दिला. अम्मा ऐकत होत्या, पण त्यांच्या कानात जात होतं ते वेगळंच. त्यांनी एवढी पोरं शेकली, आणि आज एक एसीवाला त्यांना सांगतोय की तुमचा शेक विषारी.

"ठीक है," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "सेंक नहीं, तो मालिश नहीं. और मालिश नहीं, तो उतार अपना डब्बा मेरी छत से. कल सबेरे तक."

त्या गेल्या. काकू पायरीवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. दुपारी ऊन चाळिशीला टेकत होतं. एसी नसता तर त्या वरच्या खोलीत बाळाला ठेवणं शक्यच नव्हतं. बारशाला विहीणबाई येणारच होत्या. त्यांना नुसतं कळायचा अवकाश, त्या ऋचाला घेऊन गेल्या असत्या.

"मी काय सांगू तिला, मिलिंद? पोरगी आत्ताशी कुठे रात्री माझ्याजवळ येऊन बोलून राहिली..."

मी घरी गेलो, पण जेवणात लक्ष नव्हतं. अम्मांना शेक हवा. डॉक्टरांना कोळसा नको. आणि मग हातातला घास तसाच राहिला. अरे, हे यंत्र गरम-थंड दोन्ही आहे! फाल्गुनात दुकानात तेवढं एकच उरलं होतं म्हणून मी काकूंच्या गळ्यात घातलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, गरम काय करायचंय? मी म्हटलं होतं, असू द्या, पौषात कामाला येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झालो. चैत्रातली सकाळ आमच्याकडे अजून गार असते. डॉक्टरांना आदल्या रात्रीच फोन करून विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, खोली थोडी उबदार करा, मालिश होऊ द्या, वारा अंगावर नको. मी पाती छताकडे वळवली, यंत्र गरमवर लावलं आणि पान्हे घेऊन अम्मांच्या गच्चीवर गेलो. अम्मा पाठ करून बसल्या होत्या.

"अम्मा, डब्बा उतारने आया हूँ. बस उतारने से पहले एक बार हाथ लगा के देख लो."

"हमें क्या देखना. गरम फेंकता है मुआ."

"एक बार."

त्यांनी नाइलाजानं हात पुढे केला. डबा घरघरला. मी श्वास रोखून धरला, कारण यंत्राला दिशा बदलायला थोडा वेळ लागतो आणि नटाला तेवढा वेळ प्रेक्षक धरून ठेवावा लागतो. मग त्यातून वारा सुटला. गार. चांगला झोंबणारा गार.

अम्मांनी हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला. "काए! जे तो ठंडी फेंक रओ है!"

"हओ."

"और गरम कहाँ गई?"

मग मी त्यांना ते सांगितलं जे एरवी मी कोणालाच सांगत नाही, कारण ते ऐकलं की लोक म्हणतात, मग एवढे पैसे कशाचे घेता? हे यंत्र थंडी तयार करत नाही आणि गरमीही तयार करत नाही. ते हमाल आहे. दुपारी खोलीतली उष्णता उचलून गच्चीवर आणून टाकतं. आत्ता मी त्याला उलटं धाडलंय. सकाळची हवा आपल्याला गार वाटते, पण तिच्यातही उष्णता असतेच. यंत्र तीच पिळून काढतं आणि आत नेऊन ठेवतं.

"किधर की गरमी?" अम्मांनी डोळे बारीक केले.

"इसी छत की, अम्मा. आपकी छत से उठा रहा है, बच्ची के पास पहुँचा रहा है."

अम्मा उठल्या, गच्ची उतरल्या, काकूंचा जिना चढल्या आणि बाळंतिणीच्या खोलीत जाऊन स्टुलावर उभ्या राहिल्या. मी त्यांना धरायला धावलो, त्यांनी माझा हात झटकला. आतल्या डब्याखाली तळवा धरला. उबदार हवा त्यांच्या पांढऱ्या बटा उडवत होती. ऋचा, काकू, दारातले काका, सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. असं शांत प्रेक्षागृह मला मंडळाच्या एकाही नाटकाला मिळालेलं नाही.

अम्मा खाली उतरल्या. तेलाची वाटी उचलली.

"कोयला तो बजार का था," त्या म्हणाल्या. "जे घर की गरमी है. लाओ बिटिया को."

त्या दिवसापासून रिमोट अम्मांच्या पदराच्या गाठीला बांधलेला. सकाळी मालिश होईस्तोवर गरम, मग बंद. दुपारी थंड, पण पाती वर, वारा अंगावर नाही. धुरी बंद झाली नाही. ती गच्चीवर गेली, तिथं तिच्यावर बाळाची धुतलेली दुपटी धरली जायची. मी फक्त डबा आणि शेगडी यांच्यामध्ये चार हातांचं अंतर ठरवून दिलं. सगळ्या मोहल्ल्यात अम्मा सांगत फिरल्या की दीक्षितपुऱ्यात आजवर एवढी पोरं झाली, पण गच्चीच्या शेकावर वाढलेली ही पहिलीच.

बारशाला विहीणबाई आल्या. मलाही बोलावणं होतं. घुगऱ्या वाटल्या, बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि काकू पान वाढत असताना विहीणबाई गोडीनं म्हणाल्या, "सुलभाताई, तुम्ही फारच छान केलंत हं सगळं. आता उन्हाळा वाढेल. मी येतानाच तिकिटं काढून आलेय, परवाची. तिघींची."

काकूंच्या हातातली वाटी तशीच राहिली. ऋचा खाली बघत होती. मी पहिल्यांदाच एखाद्या प्रसंगात संवाद नसलेलं पात्र होतो.

बोलल्या त्या अम्मा. भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर बाळ.

"ले जाओ बहनजी. आपकी पोती है." मग बाळाच्या टाळूवरून हात फिरवत म्हणाल्या, "मशीन तो पूना में भी मिल जाएगी. पर जे छत कहाँ से लाओगी?"

"कसली छत?" विहीणबाईंनी काकूंना विचारलं.

काकू काही सांगणार एवढ्यात अम्मांनी बाळ ऋचाकडे दिलं, विहीणबाईंचा हात धरला आणि त्यांना पैठणीसकट गच्चीवर नेलं. तिथं काय झालं ते मी पाहिलं नाही. खाली फक्त अम्मांचा आवाज येत होता, मग विहीणबाईंचं "अगं बाई!", मग पुन्हा अम्मांचा आवाज, आणि मग दोघींचं हसणं. खाली आल्या तेव्हा विहीणबाईंच्या पदरात अम्मांनी बांधून दिलेल्या बड्या होत्या.

"यंत्र नीट चालतं का ते मला दुपारी स्वतः बघायचंय," त्या ऋचाला म्हणाल्या. जेवण झाल्यावर त्या नातीशेजारी त्या गार खोलीत जरा आडव्या झाल्या. उठल्या त्या दिवेलागणीला. चहा घेताना त्यांनी काकूंच्या जावयाला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, फोन केला. "तिकिटं रद्द कर. हो, सगळी. माझंही."

वैशाख लागला तसा काकूंचा फोन आला. अगदी दबक्या आवाजात, बहुधा न्हाणीघरातून.

"मिलिंद, ऐकून राहिला ना? तुझ्या मशीनला जरासं काही करता येईल का रे? एकदोन दिवसांपुरतं. विहीणबाई जायचं नावच घेऊन नाही राहिल्या. रोज सकाळी अम्माबरोबर गच्चीवर चहा, रोज दुपारी एसीत झोप. आज म्हणाल्या, बाळाचं जावळही इथंच करू."

"काकू, एका शिक्षिकेनं असं बोलावं?"

"तू येतो का नाही ते सांग."

मी गेलो. गुरूची आज्ञा. जाळी धुतली, नळीचा उतार पाहिला, गॅस तपासला. विहीणबाई पलंगावर नातीला थोपटत माझ्याकडे पाहत होत्या, आणि दारामागून काकू माझ्याकडे डोळ्यांनी खुणा करत होत्या. मी पान्हे पिशवीत भरले आणि खोलीच्या मध्यभागी उभं राहून, मंडळाच्या नाटकात शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशा खड्या आवाजात जाहीर केलं,

"मशीन एकदम उत्तम आहे, काकू. सबंध उन्हाळा काही बघायला नको!"